चारनंतरचा श्वास

१

मी मूळची पुण्याची. कुणी काही सांगितलं की आधी "कशावरून?" असं विचारायचं, हे आमच्याकडचं बाळकडू. लग्न होऊन काशीला आले, मंगला गौरीजवळच्या गल्लीत सासरच्याच भाड्याच्या दोन खोल्या आणि डोक्यावर गच्ची असा संसार थाटला, तरी ती खोड गेली नाही. सासूबाईंना मी आई म्हणते. त्या काशीतल्या मराठी घरातल्या, पक्क्या काशीकर, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. त्या म्हणायच्या, "कालिंदी, तू तर महादेवाकडे पण रसीद मागशील."

आमच्या जिन्यात एक दगडी पायरी डुगडुगते. पाय पडला की ठक्क वाजते. मालकाला सांगून सांगून थकलो, पण तिचा एक फायदा होता. वर बसल्या बसल्या कोण येतंय ते कळायचं. दूधवाल्याची ठक्क वेगळी, आईंची वेगळी. शार्दूलची ठक्क मात्र कधी वाजलीच नाही. माझा नवरा लहानपणापासून ती पायरी उडी मारून ओलांडायचा, खांद्यावर गॅसचा सिलिंडर असला तरी. पावलं ऐकू आली, ठक्क आली नाही, की मी चहाचं आधण ठेवायची.

तो श्रावणात गेला. कावीळ झाली आणि बघता बघता गेला. हे नव्याण्णव सालचं.

त्यानंतर माझा दिवस असा जायचा. सकाळी शाळेत गणित शिकवायचं. दुपारी चौकातल्या सायबर कॅफेत जायचं. पुण्याहून श्रीनिवासनं आणि न्यू जर्सीहून संपदानं इंटरनेटवर चढवलेले गाण्याचे तुकडे फ्लॉपीवर उतरवायचे, घरी आणून शार्दूलच्या कंप्यूटरवर ऐकायचे, त्यात माझा कीबोर्ड घालायचा आणि दुसऱ्या दिवशी फ्लॉपी घेऊन पुन्हा कॅफेत. आम्ही रॉक ऑपेरा लिहीत होतो. पुण्याला कॉलेजात आमचा, शार्दूल धरून, चौघांचा बँड होता. तेव्हा जे जमलं नाही ते चाळिशीच्या तोंडावर तीन गावांत बसून करायचं ठरलं होतं. "हातपाय दुखायला लागले की माणसाला क्रांती सुचते," असं शार्दूलच म्हणाला होता.

गोष्टही त्याचीच. एक नावाडी असतो. तो लोकांना गंगेपलीकडे सोडतो आणि रिकामी नाव घेऊन परत येतो. एकदा परतीच्या खेपेला नाव जड लागते. मागे वळून बघायची त्याची हिंमत होत नाही. एवढीच गोष्ट, पण सहा गाणी झाली होती. नावाडी शार्दूल गाणार होता. "गाणं शेवटी. आधी तुमचा ढोलताशा होऊ द्या," म्हणत त्यानं ते पुढं ढकललं, आणि मग राहूनच गेलं.

त्याचा आवाज म्हणून आमच्याकडे उरलं होतं ते एवढंच. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला ताल देण्यासाठी त्यानं मोजलेले आकडे. "एक, दो, तीन, चार." चारनंतर तो गाण्यासाठी श्वास घेतो. आणि रेकॉर्डिंग संपतं.

तो श्वास मी किती वेळा ऐकला असेल, विचारू नका.

२

आमच्या कामाची एक रीत होती, श्रीनिवासनं घालून दिलेली. कुणाचाही ट्रॅक, म्हणजे गाण्यातला त्याचा स्वतंत्र तुकडा, पुसायचा नाही. कुणी वाजवलं नसेल तर ट्रॅक रिकामा ठेवायचा, पण ठेवायचा, म्हणजे पुढच्याला कळतं की इथं कुणीतरी यायचंय. आणि ज्याच्या ट्रॅकबद्दल काही सांगायचं असेल त्याच्यासाठी त्या ट्रॅकशेजारीच एका छोट्या फाइलीत चिठ्ठी ठेवायची. ती ज्याची त्यानं वाचायची. सगळ्यांसमोर चर्चा नको, कारण कॉलेजात आमचा बँड चर्चा करूनच मोडला होता.

शार्दूल गेल्यावरही कुणी त्याचा ट्रॅक काढला नाही. सहाही गाण्यांत तो होता, रिकामा. सुरुवातीला आकडे, श्वास, मग नुसती शांतता.

मग कार्तिक आला. आमच्या गच्चीवरून खाली पंचगंगा घाट दिसतो. कार्तिकात तिथं उंच बांबू उभे राहतात, आणि संध्याकाळी वेताच्या टोपलीत दिवा ठेवून दोरीनं वर चढवतात. आकाशदीप. गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून. मलाही वाटलं आपण लावावा. अगदी खरं सांगायचं तर वाटलं नाही, जीव तुटला. एवढ्या दिव्यांत त्याचा एक नाही, हे मला बघवेना.

आई ऐकून घेईनात. "शार्दूलला कशाला दिवा? तो काशीत गेला. काशीत जाणाऱ्याच्या कानात महादेव स्वतः मंत्र सांगतात. सुटला तो. सुटलेला वाट कशाला बघेल? ज्यांची माणसं परमुलखात मेली त्यांनी लावावे दिवे."

"कशावरून सुटला?"

"हे बघ, नाहीच सुटला असं तुला वाटत असेल तर मला सांगू नको," आई म्हणाल्या आणि तोंड फिरवून मटार सोलत बसल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा होता तो. मला तेव्हा माझंच दुःख मोठं वाटत होतं.

दिवाळीच्या पाडव्याला मी गच्चीवर बांबू बांधला. घाटावरचे दिवे तोवर पंधरवडाभर जळत होते. इकडं महिना पौर्णिमेला सुरू होतो आणि पौर्णिमेला संपतो. भिंतीवरच्या माझ्या मराठी कॅलेंडरात कार्तिक पाडव्याला लागत होता आणि पार अमावास्येला संपत होता. मी माझ्या कॅलेंडरावर चालले. माहेरून आणलेली सवय, दुसरं काय.

३

पाडव्यानंतरच्या आठवड्यात कॅफेत फ्लॉपी भरली.

रोज तेवढेच तुकडे असायचे आणि रोज ते मावायचे. रिकामा ट्रॅक झिप केला की नावापुरता उरतो. शांतता दाबली की तिचं काही राहत नाही, हे शार्दूलनंच मला शिकवलं होतं. त्या दिवशी कॅफेवाले गुप्ताजी म्हणाले, "भाभीजी, इसमें नहीं समाएगा. दूसरी फ्लॉपी लाइए."

मी यादी पाहिली. ड्रम तेवढेच. गिटार तेवढंच. फुगला होता तो शार्दूलचा ट्रॅक.

कुणीतरी चुकून गिटार त्यात चढवलं असेल, म्हणून मी वैतागत घरी आले. हेडफोन लावले. एक, दो, तीन, चार. श्वास. आणि श्वासानंतर कुणीतरी गुणगुणत होतं.

बाईचा आवाज होता, वयस्कर. चाल बरोबर, शब्द नाहीत. एखादी बाई दुसऱ्याच्या घरात आल्यावर जशी दारातच बिचकत बोलते, तशी ती गुणगुणत होती. मागे पाण्याचा आवाज असल्यासारखं वाटलं, पण कंप्यूटरचा पंखाही तसाच वाजतो.

मी हेडफोन काढले. श्रीनिवासनं गाणारे शोधायला सुरुवात केली तर! शार्दूलच्या जागी. मला न विचारता. मला राग आला, आणि रागाच्या खाली थोडं हायसंही वाटलं. कुणीतरी निर्णय घ्यायलाच हवा होता. माझ्यानं तो होणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारा होता. त्याच्यानंतर कोवळ्या आवाजाचं कुणीतरी, ज्याला चालच येत नव्हती. मग एक पुरुष. जाडसर, थोडा घोगरा, गाण्याची सवय नसलेला, पण ओळ संपली की जरा रेंगाळणारा.

मी रीतीप्रमाणे ट्रॅकशेजारी चिठ्ठी ठेवली. "हा चौथा बरा आहे. बाकीच्यांना आता त्रास देऊ नये. आभार."

त्यानंतर बाकीचे आले नाहीत.

४

खरं तर मी तिथंच थांबायला हवं होतं. आवाज होता, गाणं होत होतं. पण तो दुसऱ्या दिवशी शब्दांसकट आला आणि "काळोख" असं स्वच्छ पुणेरी थाटात म्हणाला, तेव्हा मी तुकडा मध्येच थांबवला. शार्दूल बनारसचा. त्याला ळ यायचा नाही. तो "कालोख" म्हणायचा, बाळाला "बाला" म्हणायचा, आणि आम्ही कॉलेजात त्याची यथेच्छ टिंगल करायचो.

मी लिहिलं. "छान. पण हा नावाडी बनारसचा आहे. ळ म्हणू नये. ल म्हणावं."

दुसऱ्या दिवशी ल होता.

एवढं पटकन ऐकणारा गायक मी आयुष्यात पाहिला नव्हता. मग माझी भीड चेपली. ओळ ठेक्याच्या किंचित मागून घ्यावी, घाई नको. वरच्या सुराला जाताना आवाज फाटू द्यावा, तो झाकू नये. "नाव" म्हणताना नाकातून नको. दर दुपारी मी एक गोष्ट लिहायची आणि दुसऱ्या दुपारी ती झालेली असायची. शाळेत मी पोरांना गुणाकार घालून द्यायची आणि मनात म्हणायची, आज काय बरं सांगावं? परकर-पोलक्यात असताना श्रावणात जसं व्हायचं तसं व्हायला लागलं मला. जिवाला दुपारची ओढ लागली.

आता कुणी म्हणेल, बाई, त्या गाणाऱ्याचं नाव विचारावंसं वाटलं नाही? नाही वाटलं. नाव कळलं असतं तर तो दुसरा कुणी झाला असता.

कॅफेतून यायला उशीर व्हायचा. दिवेलागणीला मी गल्लीत शिरायची तेव्हा वर टोपली चढलेली असायची. आई आपणहून दिवा लावू लागल्या होत्या. "तू जा तुझ्या कंप्यूटरवर. दोरी मी ओढते," म्हणाल्या. मी जिना चढून गच्चीत डोकावले की त्या दोरी धरून उभ्या, वर तोंड, ओठ हलताहेत. काहीतरी स्तोत्र म्हणत असाव्यात. विरघळल्या शेवटी, असं मला वाटलं आणि बरं वाटलं.

५

कार्तिकी पौर्णिमेला घाटावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. पायरीपायरीवर पणत्या. दुसऱ्या दिवशी सगळे बांबू उतरले.

आमचा उतरला नाही.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम खाली घाटावर जाऊन वर पाहिलं. घाटावरच्या मशिदीच्या भिंतीशेजारी, घरांच्या वर, काळ्या आभाळात आमची एकुलती एक टोपली. एकटी म्हणून भकास वाटली. छान दिसत होती, हेही खरं.

सुमेर मल्लाह नाव बांधत होता. त्याच्या नावेतून शार्दूल रविवारी रामनगरला जायचा, वर्षानुवर्षं.

"बहूजी," तो म्हणाला, "कातिक त बीत गयल. सबकर दीया उतर गयल. आपक काहे टँगल हौ?" सगळ्यांचे दिवे उतरले, तुमचाच का टांगलेला, असं.

"हमारा कार्तिक अभी बाकी है, सुमेर."

तो हसला नाही. "जेकर दीया रहल, ऊ सब देख के चल गयल," म्हणाला. "जेकर केहू नाहीं हौ, ऊहे बचल हउवन. अब ऊ सब आपे क दीया देखिहैं."

ज्यांच्यासाठी दिवे होते ते बघून गेले, ज्यांचं कुणीच नाही तेवढेच उरलेत, आणि त्यांना आता एवढा एकच दिवा दिसणार. मी त्याला "अच्छा" म्हणाले. घाटावरच्या माणसांना गोष्टी सांगायची हौस असते, आणि ऐकणारी पुण्याची असली की जास्तच.

परत फिरले तेव्हा पायऱ्यांवर माणसं बसलेली दिसली. अंतरा-अंतरावर, एकेकटी. उत्सवाला आलेले खेडवळ यात्रेकरू, अजून गावी न परतलेले, असं मी म्हटलं. कुणी बोलत नव्हतं. जवळून जाताना लक्षात आलं की नदीकडं कुणाचंच तोंड नव्हतं. सगळी वर बघत होती, आमच्या गच्चीकडं. मी पदर घट्ट धरून भरभर चढले आणि डुगडुगत्या पायरीवर इतक्या जोरात पाय दिला की आई आतून ओरडल्या, "अगं, कोण आहे?"

६

पौर्णिमेनंतर तो फारच चांगला गायला लागला.

आता मला सांगण्यासारखं थोडंच उरलं होतं. मी लिहिलं, "टेक बिघडला की तो हसायचा. आधी नाकातून, मग मोकळं."

दुसऱ्या दिवशीच्या तुकड्यात तो तिसऱ्या ओळीला अडखळला आणि हसला. आधी नाकातून, मग मोकळं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी तो तुकडा पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग हळूहळू माझ्या ध्यानात आलं की ती ओळ त्याला चांगली येत होती. आदल्या दिवशी त्यानं ती बिनचूक म्हटली होती. हसता यावं म्हणून त्यानं चूक केली होती.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खोलीत कूलरवर टाकलेली चादर, शार्दूलचं टेबल, भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो. सगळं जागच्या जागी. गच्चीवर आई दोरी बांधत होत्या आणि बांधता बांधता गुणगुणत होत्या.

"नेताना नाव हलकी होती, आणताना का जड झाली..."

आमच्याच ऑपेऱ्यातलं शेवटचं गाणं. माझ्याकडून ऐकलं असणार, दुसरं कुठून? पण मी हे गाणं हेडफोनशिवाय कधी लावलं नव्हतं, आणि मी स्वतः गात नाही. माझा गळा घुबडाचा आहे, हे शार्दूलनं लग्नाआधीच स्पष्ट सांगितलं होतं.

"आई, ही चाल तुम्हाला कुठून येते?"

"तूच तर वाजवत असतेस दिवसभर," आई म्हणाल्या आणि माझ्याकडं न बघता खाली गेल्या.

त्या रात्री झोपताना मी नेहमीसारखा शार्दूलचा आवाज आठवू लागले. तापात असताना त्यानं माझं नाव घेतलं होतं, तेव्हाचा. आला, पण तो हेडफोनमधला होता. खरा कुठला आणि मी शिकवलेला कुठला, हे मला सांगता येईना. मी उठून बसले. जे जे मी लिहून दिलं होतं ते ते माझ्याकडून गेलं होतं, आणि मी तर काही हातचं ठेवलं नव्हतं.

७

अमावास्येच्या आदल्या दिवशी मी चौकातल्या बूथवरून श्रीनिवासला फोन लावला. गाणाऱ्याचं नाव विचारायचं, असं घोकून गेले होते.

तो आधीच बोलायला लागला. "कालिंदी, बरं झालं फोन केलास. एक विचारू? रागावू नकोस. शार्दूलच्या एवढ्या टेप्स तुझ्याकडं होत्या, तर आधी का नाही सांगितलंस?"

"कुठल्या टेप्स?"

"अगं, या तू रोज चढवतेस त्या. सुरुवातीला तू तिथले गाणारे तपासत होतीस ना, ती बाई, तो म्हातारा. मला वाटलं, बरं चाललंय, हिचं मन रमतंय. मग एकदम त्याचाच आवाज. मी आणि संपदा रडलो गं. विचारायचं धाडस झालं नाही. तुझ्या चिठ्ठ्यासुद्धा मी उघडल्या नाहीत. म्हटलं, ते तुझं आणि त्याचं."

बूथच्या काचेबाहेर एक गाय उभी होती आणि तिला एक माणूस केळ्याची साल भरवत होता. मी ते बघत राहिले.

"श्रीनिवास, मी काही चढवत नाही. मला वाटलं तू..."

पलीकडून माउसची टिकटिक ऐकू आली. मग म्हणाला, "रोज संध्याकाळी येतं ते. तुमच्याकडं दिवेलागण होते त्या सुमाराला. कालिंदी, ऐकतेस ना? आज शेवटचंही आलंय. सगळी सहा पूर्ण झाली."

"मग पुसून टाक."

"तू सांगत असशील तर पुसतो," तो म्हणाला. "सांग. पुसू?"

मी फोन ठेवला. पूस असं म्हणायला तोंड उघडेना.

घरी आले आणि तडक गच्चीवर गेले. दोरीची गाठ सोडायला लागले तर आईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात म्हाताऱ्या बाईचा वाटेना, इतका घट्ट.

"उद्या अमावास्या. उद्यापर्यंत राहू दे. लावलेला कार्तिक अर्धा सोडू नये."

"आई, तुम्हीच म्हणाला होतात ना, त्याला दिव्याची गरज नाही म्हणून?"

"त्याला नाहीच," आई म्हणाल्या.

८

अमावास्येला मी शाळेत गेले नाही, कॅफेतही गेले नाही. कंप्यूटरची वायर काढून ठेवली. दिवसभर आई स्वयंपाकघरात होत्या. आमटी-भात, आणि वाटलेल्या मटाराचा रस्सा, निमोना, शार्दूलला आवडायचा तसा, आल्याचा. सणाला नसतो एवढा घाट.

दिवस मावळला. आईंनी वर जाऊन दिवा चढवला. कप्पी कुरकुरली आणि थांबली. त्या खाली आल्या, दाराची कडी लावली आणि पाटापुढं ताटं मांडली. मी मोजली नाहीत, पण दोघींना लागतात त्यापेक्षा जास्त होती.

"आई, हे कोणासाठी?"

त्यांनी आणखी एक वाटी मांडली.

खाली गल्लीचं दार करकरलं. मग जिन्यात पावलं. सावकाश, ओल्या पायांची, एकेक पायरी चढणारी. मी भिंतीला टेकून उभी होते. माझं डोकं तेव्हाही नेहमीसारखं चाललं होतं. मालक असेल. दूधवाला असेल. पावलं त्या पायरीपाशी आली. आता ठक्क यायला हवी.

आली नाही. क्षणभर काहीच नाही, आणि मग पावलं एकदम वरच्या पायरीवर पडली, उडी मारल्यासारखी.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला आणि त्याच्या पाठोपाठ असा आनंद आला की मला वाटलं छाती फुटेल. पायरीचं मी कधी लिहिलं नव्हतं! आवाजाचं लिहिलं, हसण्याचं लिहिलं, पायरीचं कुणालाच नाही. ते कुणी शिकवलेलं नव्हतं. ते त्याचं होतं. काशी खोटी, मंत्र खोटा, मला काय त्याचं? माझा शार्दूल आला होता.

मी दाराकडं धावले. कडीला हात घातला.

"पायरीचं मी सांगितलं त्याला," आई म्हणाल्या.

त्या ताटात मीठ वाढत होत्या. मान खालीच होती.

"रोज सांगत होते, दोरी ओढताना. कसा चढतो, कसा बसतो, भात आधी खातो की रोटी. तू गाणं शिकवलंस, मी बाकीचं."

"आई, तो शार्दूल नाही."

"मला ठाऊक आहे गं. माझा सुटला. सुटलेला परत येत नाही." त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. डोळे कोरडे होते. "हा कुणाचा तरी असेल. कुणीच दिवा लावला नाही त्याच्यासाठी. इतकं सांगितलं, इतकं शिकला. इतकं तर पोटचं पोरही ऐकत नाही."

दाराबाहेर तो उभा होता. फळीच्या फटीतून मला खाली पाय दिसत होते, ओले, एक पाऊल दुसऱ्यावर टेकवलेलं. शार्दूल दार उघडायची वाट बघताना असाच उभा राहायचा. हेही आईंनी सांगितलं असणार.

बाहेरून आवाज आला. हळू, अगदी माझ्या कानाशी.

"एक, दो, तीन, चार."

मग श्वास. तोच श्वास. आणि पुढं काही नाही. तो थांबला होता, आमच्यासाठी.

आई उठून माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, कडीवर. तेवढ्यात मला एक गोष्ट सुचली.

"आई," मी म्हटलं, "चेहऱ्याचं काही सांगितलंत?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तू?"

"नाही."

बाहेर तो श्वास अजून धरलेलाच होता.

"मग आधी खोलीतला दिवा घालव," आई म्हणाल्या.

मी एक हात कडीवर तसाच ठेवला आणि दुसऱ्या हातानं बटण चाचपलं.